‘कित्याक?’ : तिसरी-चौथीच्या मन वळवणाऱ्या लेखनाच्या नोंदी

४ जुलै

वर्ग तिसरी आणि चौथी, जोडून. पट १९. शाळा देवगड तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या वाडीत. आम्ही दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, उरलेली माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा दुपारची शेवटची तासिका या कामासाठी ठेवली आहे. त्या वेळी पाढे कोणाच्या डोक्यात शिरत नाहीत, पण भांडायला सगळे ताजेतवाने असतात. मला तेच हवं आहे.

गेल्या वर्षीच्या चौथीच्या वह्या काढून बसले होते. विषय होता ‘झाडे लावा’. प्रत्येक वहीत थोड्याफार फरकाने एकच मजकूर: झाडे आपल्याला सावली देतात, फळे देतात, म्हणून सर्वांनी झाडे लावली पाहिजेत. हे ‘सर्वांनी’ म्हणजे नक्की कोणी? या वाडीत ज्याच्या खळ्यात माड नाही, पोफळ नाही, निदान एक रायवळ आंबा नाही असं घर दाखवा. ज्यांना सांगायला हवं ते इथे राहत नाहीत, आणि जे राहतात त्यांना सांगायची गरज नाही. मुलांना हे कळत नाही असं नाही. निबंध कोणालाच उद्देशून नसतो हे त्यांनी बरोबर ओळखलंय.

आणि हीच मुलं मधल्या सुट्टीत! पोषण आहाराच्या ताईकडून दुसऱ्यांदा वाटाण्याची उसळ कशी मिळवायची याची प्रत्येकाची वेगळी तऱ्हा आहे. एक जण पातेलं उचलायला मदत करतो. एक तिच्या मुलाची चौकशी करते. एक सरळ सांगतो की उरली तर तुलाच घासावी लागेल. तिघांनाही उसळ मिळते. युक्तिवाद शिकवायची गरज नाही, तो तोंडात आहेच. वहीत उतरताना तो कुठे गळतो ते शोधायचं आहे.

माझा अंदाज असा की वहीसमोर ‘नाही’ म्हणणारं माणूस नसतं. म्हणून लिहिण्याआधी खेळ घ्यायचे आणि त्यांना अट एकच: प्रत्येक खेळात समोर कोणीतरी बसलेलं असलं पाहिजे आणि त्याला नकार देता आला पाहिजे.

९ जुलै

पहिला खेळ, ‘आजी नाही म्हणते’. प्लास्टिकच्या खुर्चीवर एक मूल आजी होऊन बसतं. दुसरं चिठ्ठी उचलतं आणि चिठ्ठीतली गोष्ट आजीकडे मागतं. रडायचं नाही. ‘गे आजये’ एकदाच म्हणायचं. आजीने नुसतं ‘नाही’ म्हणायचं नाही, कारण द्यायचं. मागणाऱ्याने त्या कारणाला उत्तर द्यायचं. जुनंच पुन्हा बोलला की बाद.

पहिले दोन-तीन जण लगेच बाद झाले. मग तिसरीतली एक, जी परिपाठातही तोंड उघडत नाही, ती उठली. चिठ्ठीत होतं: रविवारी मावशीकडे कुणकेश्वरला जायचं आहे.

आजी म्हणाली, “पाऊस आसा.”

“छत्री नेतंय.”

“छत्री वाऱ्यान उलटी जाता.”

ती गप्प झाली. मला वाटलं संपलं. फ्रॉकच्या टोकाला पीळ घालत उभी राहिली आणि मग म्हणाली, “मगे तू पण चल. तुज्या गुडघ्याचा तेल थंयच गावता.” (तिथेच मिळतं.)

आजी झालेली पोर खुर्चीतून उठलीच. सगळा वर्ग हसून आडवा. मी मात्र फळ्याकडे वळून हे घाईघाईने टिपून घेतलं. आक्षेपाला उत्तर देता देता ती एकदम आजीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आजीला काय हवंय, याचा विचार करून बोलली. मोठ्यांना ही युक्ती सुचायला वर्षं जातात.

लगेच वह्या काढायला लावल्या, हेच आजीला लिहा म्हटलं. त्याच मुलीने लिहिलं: ‘मला मावशीकडे जाऊ द्या. मी चांगली मुलगी आहे. मी रोज अभ्यास करते.’ गुडघा नाही, तेल नाही. आजीच नाही. शिवाय आजीला ‘द्या’! पाच मिनिटांपूर्वी जी समोर होती ती कागदावर येताच परकी बाई झाली.

अंदाज बरोबर आहे असं दिसतं.

१६ जुलै

चार कोपरे. हा खेळ जगभर वर्गांत खेळला जातो. वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार पाट्या: पटलं, थोडं पटलं, फारसं नाही, अजिबात नाही. मी विधान सांगायचं, मुलांनी आपापल्या कोपऱ्यात जाऊन कारण द्यायचं. विधान: ‘गृहपाठ नको.’

झालं काय, की चौथीतला उंच मुलगा चालू लागला तसा वर्ग त्याच्या मागून. सगळे एका कोपऱ्यात, आणि तिथून मलाच कारणं विचारायला लागले. आता बदल असा: कोपऱ्यांना आकडे द्यायचे, आधी प्रत्येकाने स्वतःच्या पाटीवर आपल्या कोपऱ्याचा आकडा लिहायचा, पाटी छातीशी धरायची, मग चालायचं. पाटी आणि पाय जुळले पाहिजेत. त्याने गर्दी बरीच फुटली. तरी या खेळाबद्दल मी साशंक आहे. यात मत कळतं, पण कोणाचं मन वळवावं लागत नाही. फार तर सुरुवातीला हात-पाय मोकळे करायला ठीक.

२३ जुलै

रस्सीखेच. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ने विचार करण्याच्या ज्या छोट्या रीती तयार केल्यात त्यातली ही एक. मूळ रीत सोपी आहे: दोरी आखायची, दोन टोकांना दोन बाजू, प्रत्येक कारण चिठ्ठीवर लिहून दोरीवर ठेवायचं. जोरकस कारण टोकाजवळ, लेचंपेचं मधोमध. आमच्याकडे दोरी आखावी लागली नाही. एका मुलाने घरून होडीची नायलॉनची दोरी आणली, ती दोन खिडक्यांच्या गजांना बांधली. चिठ्ठ्या लावायला कपड्यांचे चिमटे.

विषय त्यांचाच घेतला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ६१ दिवस. ही बंदी असावी की नसावी? वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांची चूल या प्रश्नावर आहे, त्यामुळे उसनं काही आणावं लागलं नाही.

‘असावी’च्या बाजूला पहिल्या चिठ्ठ्या पाठ्यपुस्तकी. माशांची पिल्लं वाढतात. समुद्र खवळलेला असतो. ‘नसावी’च्या बाजूला: पैसे नसतात. सुकट खाऊन कंटाळा येतो. बाबा चिडचिड करतात (ही चिठ्ठी कोणाची ते विचारलं नाही). मग मी नियम घातला की आता प्रत्येकाने समोरच्या बाजूचं एक कारण लिहायचं, तेही त्या बाजूच्या माणसाला आवडेल असं.

इथे खेळ रंगला. बंदी नको म्हणणाऱ्या मुलाने बंदीच्या बाजूने लिहिलं: ‘दोन महिन्यांत जाळी विणून होतात, बोटीला रंग होतो. नाहीतर वेळ कधी मिळणार?’ आणि मग स्वतःच ती चिठ्ठी टोकापर्यंत सरकवली. बंदी हवी म्हणणारीने लिहिलं: ‘एकाने पाळली आणि दुसऱ्याने नाही पाळली तर पाळणाऱ्याचं नुकसान.’ यावर बराच वाद झाला. हे कारण बंदी नको म्हणणाऱ्यांचं, की बंदी नीट राबवा म्हणणाऱ्यांचं? एक जण म्हणाला, ही चिठ्ठी फाडून दोन्हीकडे अर्धी अर्धी लावा. मी चिठ्ठी दोरीच्या खाली फळ्यावर वेगळी लावली आणि तिथेच राहू दिली.

चिमटे सरकवणं या वयाला भलतंच मानवतं. ‘तुझं कारण कमकुवत आहे’ म्हटलं की मूल दुखावतं. ‘चिमटा जरा मधे घे’ म्हटलं की विचार करतं.

दोरी काढली नाही. खिडकीला तशीच आहे. गुरुजींचं डोकं दोनदा अडकलं.

२ ऑगस्ट

बंदी संपली. काल पहाटे बोटी गेल्या. वर्गात सहा जण गैरहजर, हजर असलेले पेंगुळलेले. आज खेळ नाही, गोष्ट वाचली.

१३ ऑगस्ट

जाहिरातीचा खेळ. वरच्या वर्गांत जाहिरात-लेखन येतं, शिवाय मन वळवणारं लेखन म्हटलं की पहिलं नाव जाहिरातीचंच निघतं, म्हणून घेतला. आंब्याच्या पेटीसाठी मजकूर लिहा.

सतरा वह्यांत ‘आजच खरेदी करा’. दोन वह्यांत ‘एकावर एक फ्री’. टीव्ही जसाच्या तसा उतरला. वाचून दाखवताना मुलं खूश होती, आवाजही टीव्हीचाच काढत होती, पण विचार करायचं काम कोणाला पडलं नाही. जाहिरातीचं हे असंच आहे. ती बोलते आणि निघून जाते, समोरचा काय म्हणाला ते ऐकायला थांबत नाही. प्राथमिकच्या मुलांना मन वळवायला शिकवायचं तर जाहिरातीपासून सुरुवात करू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पुढे सातवी-आठवीत जाहिरात उलगडून बघणं वेगळं.

एक गोष्ट मात्र हाती लागली. ‘अस्सल देवगड हापूस’ असं लिहिणाऱ्याला शेजारच्याने विचारलं, “अस्सल कशावरून?” तो म्हणाला, “मी सांगतंय म्हणून.” “तू कोण?” आता आली पंचाईत. मग सांगितलं की २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला ते नाव लावता येतं. बाहेरून आलेला आंबा पेटीत भरून हापूस म्हणता येत नाही. ठाण्याचा आंबाही हापूस, हे ऐकून वर्ग खवळला. पाच मिनिटं मला बोलू दिलं नाही. पण ‘तू कोण?’ हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून दोरीला लावला आहे.

३ सप्टेंबर

चतुर्थी शनिवारी. वर्गाचं लक्ष माटवीवर (गणपतीवर बांधतात ते सजवलेलं छत), फटाक्यांवर, मुंबईहून कोण येणार यावर. अशात नवीन काही शिकवणं फुकट. म्हणून जे त्यांच्या डोक्यात आहे तेच घेतलं: गाऱ्हाणं.

आमच्याकडे प्रत्येक मुलाने ते ऐकलेलं असतं. देवळात, घरच्या गणपतीपुढे, नवीन होडी पाण्यात घालताना. एक जाणता माणूस पुढे उभा राहून देवाला बोलतो आणि मागचे सगळे वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. इतका तयार नमुना घरात असताना मी कोपरे आणि दोऱ्या कुठून कुठून आणत बसले होते.

खेळ: मुख्याध्यापक गुरुजींना देव करायचं (ते तयार झाले, हातात नारळ घेऊन बसले) आणि वर्गाची एक मागणी घालायची. चौथीतल्या एकाने, ज्याचे आजोबा वाडीत गाऱ्हाणं घालतात, कानटोपीसारखा रुमाल बांधून सुरुवात केली:

“बा देवा म्हाराजा! आज आमी तिसरी-चवथीची पोरां तुज्या म्होरां उबी आसंव.”

“व्हय म्हाराजा!”

“आमी रोज वर्ग झाडतंव, पानी भरतंव, कोनाक शिवी देनंव नाय.”

इथे ‘व्हय’ जरा बारीक आलं. मागून कोणीतरी म्हणालं, “शिव्यांचा गाळ.” म्हणजे काढून टाक. त्याने काढलं!

“आमचो बॉल गेल्या म्हयन्यात पऱ्यात व्हावान गेलो. तर आमका एक नवो बॉल गावांदे. ह्या खेपेक आमी तो पऱ्याकडे मारूचंव नाय.” (पऱ्या म्हणजे ओढा.)

“व्हय म्हाराजा!”

गुरुजींनी नारळ ठेवला आणि म्हणाले, बॉलचे पैसे देव देईल, पण पऱ्याकडे जाळी कोण बांधेल? त्यावर पुन्हा वाटाघाटी. शेवटी पोरांनी जुन्या जाळ्याचा तुकडा आणून बांधायचा ठरलं. बॉल चतुर्थीनंतर.

नंतर फळ्यावर आम्ही गाऱ्हाण्याचे भाग वेगळे केले. मुलांनी स्वतः सांगितलेले: कोणाशी बोलतोय ते. आपण कोण ते. आपण काय करतो ते. अडचण. मागणी. आपण बदल्यात काय करू. अॅरिस्टॉटलने मन वळवण्याची जी तीन साधनं सांगितली, म्हणजे बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद, ती तिन्ही यात आहेत. डी.एड.ला ही नावं पाठ केली होती. ‘शिव्यांचा गाळ’ ऐकेपर्यंत पत म्हणजे काय ते इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. खोटं एक वाक्य आलं तर मागचे ‘व्हय’ म्हणत नाहीत, आणि ते समोरच्यालाही ऐकू जातं.

इंग्रजी शाळांत मत, कारण, उदाहरण आणि पुन्हा मत असा साचा शिकवतात. त्याच्या आद्याक्षरांचं ओरिओ बिस्किट होतं म्हणून मुलांना आवडतो. साचा वाईट नाही. पण त्यात समोरचा माणूस नाही आणि आपण काय करू हेही नाही. मी गाऱ्हाण्याचा क्रमच ठेवणार.

२० सप्टेंबर

सुट्टीनंतरचा पहिला नीट दिवस. चाकरमानी परत गेले, वाडी रिकामी झाली, मुलं जरा सुनी आहेत. पण लेखनाच्या दृष्टीने आजचा दिवस महत्त्वाचा.

गाऱ्हाण्यातला ‘व्हय’ वहीत कसा आणायचा, हे सुट्टीत डोक्यात घोळत होतं. उपाय असा काढला. मुलाने एक ओळ सोडून लिहायचं, डावीकडे रुंद समास. मग वही शेजाऱ्याकडे. शेजारी म्हणजे ज्याला पत्र लिहिलंय तो माणूस. तो प्रत्येक वाक्यापुढे समासात दोनच गोष्टी लिहू शकतो: ‘व्हय’ किंवा ‘कित्याक?’, म्हणजे ‘का?’. पटलं की व्हय. शंका आली की कित्याक. शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. वही परत आली की जितके ‘कित्याक’ तितक्या ठिकाणी भर घालायची. उत्तर बरोबर वाटलं तर शेजारी ‘कित्याक’ खोडून ‘व्हय’ करतो. सगळे ‘व्हय’ झाले की पत्र जिंकलं.

विषय प्रत्येकाने स्वतः निवडला, माणूसही. एकाने वडिलांना लिहिलं, ‘मला बोटीवर न्या.’ शेजाऱ्याने समासात लिहिलं, कित्याक? त्याने भर घातली, ‘मला जाळं ओढायला शिकायचं आहे.’ पुन्हा कित्याक? ‘कारण मी मोठा झाल्यावर बोट चालवणार.’ व्हय. मग शेजारी थांबला, पुन्हा वर गेला आणि पहिल्या वाक्यापुढे पेन्सिलीने बारीक लिहिलं: ‘ओकारी झाली तर?’ हे नियमात नव्हतं. पण लिहिणाऱ्याने मान खाली घालून बराच वेळ विचार केला आणि लिहिलं: ‘पहिल्या दिवशी मला खाडीतच न्या, समुद्रात नको. ओकारी नाही झाली तर पुढे.’

ही सवलत म्हणजे सगळ्या शिकवण्याचा गाभा आहे. समोरच्याची भीती मान्य करून मागणी लहान करणं. आठवीतल्या मुलांच्या वादविवाद स्पर्धांत हे औषधाला सापडत नाही. तिथे ‘माझे प्रतिस्पर्धी मित्र’ म्हणून सुरुवात करतात आणि मित्राचं एक वाक्य ऐकत नाहीत.

नियम वाढवला. तिसरा शेरा मान्य: ‘तर?’

एक काळजी. दोन-तीन मुलं शेजाऱ्याशी मैत्री असली की भराभर ‘व्हय’ देऊन टाकतात. जागा बदलून बघते. आणि एक चेडू (मुलगी) प्रत्येक वाक्याला ‘कित्याक’ लिहिते, ‘आपली लाडकी’ याला सुद्धा. तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नाही. मला ती फार आवडते.

४ ऑक्टोबर

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत समासाचा खेळ दाखवला. वह्या नेल्या होत्या. बहुतेकांना आवडला. एका बाईंनी विचारलं की मुलं समासात मालवणी लिहितात, मग प्रमाण मराठी कधी येणार? प्रश्न रास्त आहे. मी सांगितलं ते असं: शंका ज्या भाषेत येते त्याच भाषेत लिहू द्यायची, नाहीतर शंकाच येत नाही. पत्राची पक्की प्रत कोणाला जाणार त्यावर तिची भाषा ठरते. आजीला जाणारं पत्र मालवणीत चालेल, किंबहुना तेच चालेल. ग्रामपंचायतीला जाणारं प्रमाण मराठीत. हेही मुलांनी ठरवायचं, कारण समोरचा कोण हे ओळखण्यातच ते येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असं म्हटलंच आहे. आम्ही तर फक्त समास मागतोय.

२२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी आणि त्याला जोडून निवडणुकीची ड्यूटी. मतदान बुधवारी झालं. मधल्या काळात रिक्षावरचे भोंगे ऐकून मुलांनी स्वतःहून एक खेळ काढला आहे: एक जण भोंगा, बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘कित्याक?’ ओरडतात. मी यात पडले नाही. दारामागून ऐकलं मात्र.

आता मोठं काम. पत्र वहीत न राहता खरोखर कोणाच्या तरी हातात जायला हवं. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला आमच्या किनाऱ्यांवर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून घरटी राखायचं काम चालू आहे, ते मुलांना चित्रांतून दाखवलं. आमच्या मुलांनी कासव पाहिलंय ते जास्त करून जाळ्यात अडकलेलं. ठरलं: बोटवाल्यांना लिहायचं.

पहिला मसुदा अपेक्षेप्रमाणे. ‘कासव आपला मित्र आहे. कासवाला वाचवा.’ समासात त्या चेडूने लिहिलं, ‘कोनाचो मित्र?’

३ डिसेंबर

‘तांडेल’ खेळ. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, त्याचा शब्द शेवटचा. एक मूल तांडेल होऊन बसतं, हातात पाच शिंपले. बाकीचे गट कारण घेऊन येतात. कारणाने तांडेलाचं मन जरा जरी हललं तर एक शिंपला द्यायचा. पण आधी तांडेलाने सांगायचं की तुमचं ऐकलं तर माझं काय जाईल.

पहिला गट: कासव दुर्मिळ आहे. शिंपला नाही. दुसरा: कायद्याने बंदी आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, पहिली अनुसूची. तांडेल म्हणाला, “माका भियां घालतंस?” शिंपला नाही. भीती घालून माणूस गप्प बसतो, पटत नाही, हे मुलांनीच नंतर सांगितलं. तिसऱ्या गटात रापणवाल्यांचा (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचा) मुलगा होता. तो म्हणाला, आधी तुमचंच बोलणं ऐकू. मग तांडेलाने खरी गोष्ट सांगितली, बहुधा घरात ऐकलेली: “जाळां कापलंय तर नवां कोण देतलो?”

या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. कासव, डॉल्फिन यांसारख्या संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं कापावं लागलं तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. डिसेंबर २०१८ पासूनची योजना आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची. सोडवतानाचा फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. मी हे सांगितलं तेव्हा तांडेल झालेल्या मुलाने एकदम तीन शिंपले टाकले आणि म्हणाला, “ह्या आदी कित्याक सांगलास नाय?”

कासवाबद्दलची कणव सगळ्यांकडे होती. तिला हात मिळाला तो पैशाच्या माहितीने. शहरातल्या शाळेत हाच उपक्रम केला असता तर पत्रं कासवाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर संपली असती. इथे मुलांना ठाऊक आहे की एका जाळ्यात घरचं किती अडकलेलं असतं.

६ डिसेंबर

एका मुलीच्या आजोबांना बोलावलं. बोटीवर तांडेल होते, आता समुद्रात जात नाहीत. खुर्चीवर बसले, शिंपले हातात घेतले, खेळ समजून घेतला आणि मुलांना जराही सवलत दिली नाही. भरपाई ऐकून म्हणाले, “रातीचे दोन वाजलेले. काळोख. जाळां वडताना दोनय हात गुतलेले. फोटो काडूक तिसरो हात खंयसून हाडू?”

वर्ग बघतच राहिला. मग कोणीतरी हळूच: “सगळ्यात ल्हान खलाशाक सांगून ठेवा.” आजोबांनी एक शिंपला पुढे सरकवला. पूर्ण दिला नाही, बोट त्यावर ठेवूनच होतं. “तो झोपलेलो असता.” “जाळां वडताना कोण झोपता?” आता आजोबा हसले, बोट काढलं.

१२ डिसेंबर

पत्र तयार. वर्गाचं एकच, सगळ्यांच्या समासातून गेलेलं. सुवाच्य अक्षराचा मान चौथीतल्या एकीला. मजकूर इथे उतरवते:

‘तांडेलकाकांनो, आम्ही तुमच्याच वाडीतली मुलं. तुमच्या जाळ्यात कासव सापडलं तर जाळं कापून त्याला सोडा, ही विनंती. तुम्ही म्हणाल, जाळं महाग असतं. खरं आहे, आमच्या घरी पण जाळी आहेत. पण कासव सोडवताना जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तुम्ही म्हणाल, रात्री हात मोकळा नसतो. म्हणून किनाऱ्यावरून निघतानाच एका खलाशाला सांगून ठेवा, कासव आलं तर फोटो तू काढायचास. अर्ज लिहायला कोणाला वेळ नसेल तर आम्ही शाळेत लिहून देऊ. आमचं अक्षर चांगलं आहे.’

शेवटची दोन वाक्यं गाऱ्हाण्यातून आली आहेत: आपण बदल्यात काय करू. मी सुचवली नाहीत.

मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लावायची परवानगी मिळाली. चार मुलं आणि मी जाऊन लावून आलो. तिथल्या एका काकांनी तिथल्या तिथे वाचलं, डिझेलचा कॅन खाली ठेवून. काही बोलले नाहीत.

१९ डिसेंबर

आज शाळेत येतानाच दोघं धावत आले. फलकावरच्या पत्राच्या समासात कोणीतरी बॉलपेनने लिहिलंय: ‘पैसे किती दिवसांनी मिळतात?’ आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात: ‘जाळं जुनं असेल तर?’

मोठी माणसं समासात लिहू लागली म्हणून वर्गात नुसता दंगा. लगेच उत्तर लिहायला बसले. एकाने लिहिलं, ‘पैसे लवकर मिळतात.’ त्या चेडूने विचारलं, “तुका ठावक आसा?” नव्हतं ठाऊक. मग उंच मुलगा म्हणाला, असं लिहिलं आणि उशीर झाला तर पुढच्या वेळी आपल्याला कोण व्हय म्हणेल? वाक्य खोडलं.

दोन्ही प्रश्न कांदळवन कक्षाला पत्राने विचारायचं ठरलं. मी म्हटलं, या पत्रात कोणाचं मन वळवायचं नाहीये, नुसती माहिती विचारायची आहे. यावर वर्गाचं एकमत झालं नाही. उत्तर यावं असं वाटत असेल तर साहेबांनाही पटवावं लागेल, असं तिसरीवाल्यांचं म्हणणं. दोरीवर चिठ्ठ्या लागल्या आहेत. मसुदा उद्या, पाकिटावर पत्ता कसा लिहितात आणि पिनकोड कुठे टाकतात तेही उद्याच घेईन.